उंबरठा नसलेलं घर

हे घर नवऱ्याला आवडलं होतं, मला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी घराबद्दल काही वाकडं बोलले तर कुणाला नवल वाटायला नको.

कॅलिफोर्नियात, सांता क्लारातल्या आमच्या वस्तीत सगळी घरं एका साच्यातली आहेत. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परतले, त्यांची लग्नं झाली, पोरंबाळं झाली, आणि इथल्या जर्दाळूच्या बागा तोडून एका बिल्डरनं रांगेनं ही घरं उभी केली. त्या काळी ती फार आधुनिक समजली जायची. अजूनही समजली जातात, आणि अशा घरासाठी लोक जीव टाकतात. सपाट छप्पर, रस्त्याकडे एकही खिडकी नाही, नुसतं गॅरेजचं दार आणि त्याला लागून उभ्या फळ्यांची कोरी भिंत. बाहेरून बघावं तर गोडाऊन. पुढचं दार उघडून आत यावं तर आपण पुन्हा बाहेरच उभे, कारण घराच्या पोटात उघडा चौक आहे, वर आभाळ, आणि तिन्ही बाजूंना छतापासून जमिनीपर्यंत काचा. मागच्या अंगणाकडेही काचाच. यातली कुठली काच भिंत आहे आणि कुठली सरकतं दार, हे कळायला मला स्वतःला बरेच दिवस लागले.

घर दाखवणारी बाई म्हणाली होती, "या घरात आत आणि बाहेर असा फरकच ठेवलेला नाही." तिनं ते कौतुकानं सांगितलं आणि नवरा हरखला. तो पुण्याचा. एखादी गोष्ट त्याला तत्त्व म्हणून पटली की तिच्यात राहायला जमेल का, हा प्रश्न त्याला क्षुल्लक वाटतो. मी म्हटलं, फरक नाही तर याला घर कशाला म्हणायचं, बाग म्हणा. माझं कुणी ऐकलं नाही. आमच्या दिवाणखान्यातली फरशी तशीच सपाट चौकात जाते आणि चौकातली तशीच पुढच्या दाराखालून बाहेरच्या पायवाटेवर. मधे कुठेही पाऊल उचलावं लागत नाही. दाराखालची पट्टीसुद्धा जमिनीत बुजवलेली आहे.

काही वर्षांनी तिकडे नागपूरला आई वारली आणि बाबा आमच्याकडे राहायला आले.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनीअर होते. जन्मभर सरकारी इमारती बांधल्या. आले त्याच दिवशी मान वर करून छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "सपाट आहे. गळत असंल." गळतच होतं. सासरे-जावई शिडी लावून वर चढले, पाणी कुठे साचतं ते बाबांनी दाखवलं, आणि त्या दिवसापासून दोघांचं जमलं. एक गोष्ट मात्र बाबांना मनापासून आवडली. इथे काँक्रीटच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या आहेत, त्यामुळे हिवाळ्यात फरशीच उबदार होते. बाबा खाली मांडी घालून मटार सोलत बसायचे आणि दर वेळी म्हणायचे, "ज्यानं हे डोकं लावलं त्याला मानलं बाप्पा."

मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, औषधं, मग वार, मग आपण कुठल्या गावात आहोत ते. आई गेल्याचं कधी लक्षात असायचं, कधी नसायचं. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की हे उलट फिरत नाही. बाबा काचांवर आदळायला लागले. मुलीनं दुकानातून कागदी पक्षी आणून सगळ्या काचांवर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवले, तेव्हा ते थांबलं.

काचांचं निभलं, पण दारांचं काय करणार? एके सकाळी मी कामाच्या कॉलवर होते आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. बाबा त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते. आमच्या मागच्या अंगणातून बाजूच्या फाटकानं बाहेर पडून त्यांच्या फाटकानं त्यांच्या अंगणात, तिथून काच सरकवून आत. घर तेच. स्वयंपाकघर तिथेच, टेबल तिथेच, चौकही तसाच. बाबांच्या दृष्टीनं ते आपल्याच घरात आले होते आणि चहाची वाट बघत होते. बाई हसत होत्या, त्यांनी चहाही दिला होता. मीही हसले. घरी येऊन दोन्ही फाटकांना कुलपं घातली आणि तेव्हा बाबांच्या पायांकडे लक्ष गेलं. बाबा अनवाणी गेले होते. जो माणूस कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंतही चपला घातल्याशिवाय कधी गेला नाही, तो अनवाणी गेला होता.

दुसऱ्या वेळी ते पुढच्या दारानं गेले. मी घरूनच काम करत होते, कानाला हेडफोन. मुलगी शाळेतून सायकलवर आली ती सायकल टाकून धावतच आत शिरली.

"आई, आजोबा आर आउटसाइड. देअर्स अ कॉप."

मी अनवाणीच पळाले. कोपऱ्यावरच्या घरासमोर हिरवळीवर बाबा उभे होते, बनियन आणि लेंगा. त्यांच्यापासून चार हातांवर एक तरुण पोलीस, एक हात पुढे, दुसरा कमरेवर. दारात त्या घरातला माणूस, साठीचा, पांढराफटक पडलेला. पोलीस पुन्हा पुन्हा सांगत होता, हात दिसू देत. आणि बाबांचा उजवा हात लेंग्याच्या खिशात होता.

बाबांना इंग्रजी उत्तम येतं. जन्मभर त्यांनी इंग्रजीत टिपणं लिहिली. पण घाबरले की आता त्यांना मराठीशिवाय काही ऐकू येत नाही. ते खिशात काहीतरी चाचपत होते आणि पोलिसाचा कमरेवरचा हात हलला. मी रस्त्यातच थांबले. पुढे धावले तर तो आणखी बिचकेल एवढं मला कळलं.

"बाबा," मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "हात बाहेर काढा. रिकामा काढा."

"चष्मा शोधून राहिलो ना," बाबा वैतागून म्हणाले. "हा कोण आहे ते तरी दिसू दे."

"चष्मा माझ्याकडे आहे. हात काढा."

चष्मा माझ्याकडे नव्हता. बाबांनी हात काढला. त्या पोलिसानं श्वास सोडलेला मला दिसला आणि मग मी जाऊन बाबांना घट्ट धरलं. पोलीस समजूतदार होता. सगळं ऐकून घेतलं, बाबांना सर म्हणाला, आणि निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वेळी हे असंच संपेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

त्या कोपऱ्यावरच्या घरातला माणूस नंतर आमच्या दाराशी आला. भांडायला आला असेल असं वाटून मी पदर खोचूनच उभी राहिले, म्हणजे घातली होती जीन्स, पण आविर्भाव तोच. तो भांडला नाही. म्हणाला, बायको आजारी असते, ती आतल्या खोलीत एकटी झोपली होती, आणि अचानक घरात एक अनोळखी माणूस. "माझ्या हातात पिस्तूल होतं," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतोय." मला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच फार राग आला.

त्या संध्याकाळी पुण्याहून दादाचा व्हिडिओ कॉल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं आधीच एक जागा बघून ठेवली होती, अशाच आजाराच्या म्हाताऱ्या माणसांसाठी, चोवीस तास माणसं, बंद फाटक. "मी येऊन घेऊन जातो," तो म्हणाला. "तिथे निदान कुणी गोळी तरी घालणार नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता. पण बाबा अजून मला ओळखत होते. आईला विसरून पुन्हा आठवायचे, दादाला कधी आपला धाकटा भाऊ समजायचे, मला मात्र रोज सकाळी न चुकता नावानं हाक मारायचे. अनोळखी माणसांत नेऊन ठेवलं तर हेही पुसलं जाणार. ओळखतात तोवर ते माझ्याजवळ हवेत, एवढं मला पक्कं ठाऊक होतं, बाकी सगळ्या गोंधळात. दादाशी शेवटी एवढंच ठरलं की आणखी एकदा असं झालं तर तो तिकीट काढेल.

नवरा म्हणाला, "पुढच्या दाराला आतून किल्लीचं लॉक करून टाकू यार, किती विचार करायचा." केलं. तीन दिवसांत काढलं. दार उघडत नाही म्हटल्यावर बाबा चौकातल्या काचेवर दोन्ही तळव्यांनी थापा मारत उभे राहायचे, घामाघूम, आणि तेवढ्यापुरतं आम्हालाही ओळखायचे नाहीत. "कोंडून का ठेवलं मला? काय केलं मी?" हे त्यांनी मुलीला विचारलं. तिनं रडत रडत स्वतःच किल्ली फिरवली. शिवाय सगळं घर लाकडाचं, आग लागली तर किल्ली कोण शोधणार? मग दाराशी कुणी आलं की वाजणारी घंटी लावली. ती कुरियरवाल्यालाही वाजायची, मांजरालाही, आणि ती वाजेपर्यंत बाबा रस्त्यावर असायचे. मी घरभर हेडफोन एका कानावर ठेवून वावरायला लागले. ऑफिसच्या लोकांना वाटायचं मी मीटिंगमध्ये लक्ष देत नाही. खरंच देत नव्हते.

मग एका रविवारी मैत्रिणीकडे जेवायला गेलो. ती एका जुन्या अपार्टमेंटमध्ये राहते आणि तिच्या दारात लाकडाची चांगली उंच पट्टी आहे. निघताना सगळ्यांच्या पुढे बाबा होते. त्या पट्टीशी ते थांबले. उजवा हात चौकटीवर ठेवला. डाव्यानं खिसे चाचपले, रुमाल, चष्मा. चपला सरळ करून पायात घातल्या. आणि मग घराच्या आतल्या दिशेला तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "येतो गं."

आणि थांबून राहिले.

मैत्रीण म्हणाली, "या काका, पुन्हा या." मग त्यांनी उंबरठा ओलांडला.

हे मी लहानपणापासून रोज पाहिलं होतं. ऑफिसला निघताना बाबा उंबरठ्याशी थांबायचे, येतो गं म्हणायचे, आणि आतून आईचं "या" आल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचे नाहीत. कुकरच्या शिट्टीत तिला ऐकू गेलं नाही तर पुन्हा म्हणायचे. उशीर झाला तरी थांबायचे. सगळ्या घरांतून असंच असतं, जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, पण बाबा त्या "या"साठी अडून बसायचे. आई वैतागायची. आमच्या या थोर घरात त्यांना थांबायला जागाच ठेवली नव्हती. घर कुठे संपतं ते त्यांच्या पायांना कळत नव्हतं, म्हणून ते अनवाणी चालत सुटत होते.

"आपल्याला उंबरठा पाहिजे," मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं.

या घरात भिंतीला खिळा मारायचा तरी तो आठवडाभर विचार करतो. पण त्यानं बाबांना तिथे थांबताना पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी ओकचं एक जाड लाकूड आणलं, पुढच्या दाराच्या मापाचं कापून घेतलं. जमिनीत बोल्ट ठोकायची सोय नव्हती, खालून गरम पाण्याच्या नळ्या गेलेल्या. त्यातली एक फुटली तर अख्खं घर गार. म्हणून गोंदानं चिकटवलं आणि वर रात्रभर पुस्तकांचे खोके ठेवले. सकाळी मी त्यावर हळदकुंकू वाहिलं.

आणि बाबा थांबले. पहिल्याच दिवशी. चौक ओलांडून दाराशी गेले, पायाला लाकूड लागलं, हात चौकटीवर गेला, चपला शोधल्या, आणि "येतो गं."

घरातला नियम ठरला: कुणीही "या" म्हणायचं नाही. ऐकलं की जो जवळ असेल त्यानं जायचं, हात धरायचा, चहा झालाय म्हणायचं. मुलगी तर "आजोबा, चहा" एवढं इतक्या गोड मराठीत म्हणायची की ते लगेच वळायचे. कित्येक आठवडे असे सुरळीत गेले. मी दोन्ही कानांवर हेडफोन घालायला लागले नाही, पण रात्री झोप लागायला लागली.

मग ऑफिसनं आठवड्यातले काही दिवस प्रत्यक्ष यायला सांगितलं, आणि ॲरिझोनातल्या चँडलरहून मावशी आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, तिथे तिच्या मुलाकडे असते. तिनं स्वतःहून विचारलं, "मी येऊ का गं महिनाभर?" मी विमानतळावरच तिला नियम सांगितला. तिनं मान डोलावली. घरी आल्यावर पुन्हा सांगितला. "कळलं गं बाई, मी काय कुकुलं बाळ आहे?" ती म्हणाली.

शनिवार होता. नवरा मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेला होता. मावशी स्वयंपाकघरात वांग्याच्या भाजीला फोडणी घालत होती, वरचा पंखा घरघरत होता, आणि मी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. लांबून बाबांचा आवाज आला, "येतो गं." आणि लगेच आतून उत्तर आलं, "या."

तो आईचा आवाज होता. दोघी बहिणींचा आवाज सारखा आहे हे आम्हाला कायम माहीत होतं, फोनवर नेहमी गोंधळ व्हायचा. पण तो सूर, ते हातातलं काम न थांबवता म्हटलेलं "या", ते मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की हातातला टॉवेल घडी घालून मी खाली ठेवला. मग मला कळलं.

मी चौकात पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. उंबरठ्यापाशी चपला नव्हत्या. मावशी मागून आली, हातात झारा. "अगं, माझ्या तोंडून निघून गेलं," ती म्हणाली. "ताईनं म्हटल्यासारखं निघून गेलं." तिचा चेहरा मला बघवेना. मी तिला घरीच थांबायला सांगितलं आणि धावले.

सरळ त्या कोपऱ्यावरच्या घराकडे. दुसरं काही सुचलंच नाही. पळताना कान सगळे त्याच दिशेला लागलेले, एखादा आवाज येईल म्हणून. दारावरचा कॅमेरा माझ्याकडे बघत होता. मी दार ठोठावलं आणि दोन्ही हात मोकळे, दिसतील असे धरून उभी राहिले. असं उभं राहायला मला कुणी शिकवलं नव्हतं. दार बोटभर उघडलं.

"माझे वडील," मी म्हटलं.

"इथे नाहीत," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून त्यानं दार पूर्ण उघडलं, पायात बूट घातले, आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायला लागला. मी अलीकडच्या. प्रत्येक घर आमच्यासारखं. प्रत्येक कोरी भिंत, प्रत्येक गॅरेज. यातल्या कुठल्याही दारामागे बाबा असू शकत होते आणि यातल्या कुठल्याही कपाटात पिस्तूल. नवरा ज्या सारखेपणाला शिस्त म्हणायचा, तो मला त्या दिवशी डोळ्यांसमोर नको झाला. मी मोठमोठ्यानं "बाबा" अशा हाका मारत होते आणि रस्त्यात चिटपाखरू नव्हतं.

पुढच्या वळणावर विक्रीची पाटी होती, तिला फुगे बांधलेले. ओपन हाउस होतं, ज्याला बघायचं त्यानं यावं असं. दार उघडं. आत चौकात पाहुण्यांचे बूट काढलेले आणि त्यांच्या शेजारी, नीट जोडून, बाबांच्या चपला.

बाबा दिवाणखान्यात होते. ते घर विकण्यासाठी सजवलेलं, त्या जुन्या काळासारखं, निमुळत्या पायांचा लाकडी सोफा, पितळेचा दिवा. बाबा सोफ्यावर यजमानासारखे बसले होते आणि समोर एक तरुण तेलुगू जोडपं भक्तिभावानं ऐकत होतं. बाबा इंग्रजीत त्यांना सांगत होते की छप्पर सपाट आहे, उतार द्यायला हवा होता, पहिल्या पावसात कळेल. घर विकणारी बाई दात विचकून हसत होती, तिला त्यांना घालवायचं कसं ते कळत नव्हतं.

मला बघितल्यावर बाबांनी नावानं हाक मारली. मग मराठीत विचारलं, "तुझी आई कुठाय? आत्ता बोलली ना. इतक्या दिवसांनी बोलली."

मी बाहेर येऊन त्या माणसाला हात केला, सापडले म्हणून. तो लांबूनच मान हलवून वळला. बाबांचा हात धरून मी घरी आले. वाटेत त्यांना सांगू शकले नाही की आई नाही. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतात, आणि त्या दिवशी मला ते पुन्हा करायचं नव्हतं.

दादाला कळवलं. लपवणं मला जमलं नसतं. तो तिकीट बघायलाच बसला, पण मावशीनं माझ्या हातून फोन घेतला. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी आहे इथे. मी जाईपर्यंत थांब. तोवर भाऊजी पुन्हा बाहेर गेले तर खुशाल घेऊन जा त्यांना." दादा तिचा शब्द मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, भांग पाडून उंबरठ्याशी गेले. "येतो गं." मुलगी नेहमीसारखी धावली. "आजोबा, चहा."

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी तिचा हात हळूच सोडवला. "ती बोलेल आता."

चहाची युक्ती संपली होती. त्यांना आता खात्री झाली होती की ती आत आहे. ते पुन्हा म्हणाले, "अगं, येतो." मावशी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी होती. तिनं ओढणीचा बोळा तोंडावर धरला होता, आणि डोळ्यांना धार लागली होती. तिनं "या" म्हटलं तर ते गेले. दुसरं काही म्हटलं तर तो आवाज ऐकून आत शोधायला येतील आणि मिळणार मावशी. काचेतून मला दोघंही दिसत होते, मधे आभाळाखालचा तो उघडा चौक. या घरात काहीही लपत नाही.

बाबा बराच वेळ थांबले. चौकटीवरचा हात थकून खाली आला. मग चपला घातलेल्या पायांनीच चौकातून माझ्याकडे आले आणि बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "तुझी आई रागावली आहे का माझ्यावर?"

"नाही हो बाबा," मी म्हटलं. "ती कशाला रागावेल?"

त्यांचा चेहरा उजळला. "असं का? मग ऐकू गेलं नसंल." आणि ते पुन्हा दाराकडे वळले. तासभर हेच चाललं, ते दाराशी, मी त्यांच्या मागे, शेवटी दमून खाली बसेपर्यंत.

आई बाबांवर कधी रागावली असं मला आठवत नाही. वैतागायची, टोमणे मारायची, पण अबोला धरलेला मी पाहिला नाही. तिच्या स्वभावातच नव्हतं ते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा दाराशी उभे राहिले, पुन्हा थांबले, पुन्हा येऊन तेच विचारलं. या वेळी मी म्हटलं, "हो, बाबा. रागावली आहे."

बाबांनी वाकून चपला काढल्या, भिंतीशी जोडून ठेवल्या. "मग आज नको जायला," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या बाजूला तोंड करून, तिला दिसेल असे, गरम फरशीवर बसून राहिले.

मावशी चँडलरला परत गेली. बाबा इथेच आहेत. दादानं पुन्हा विषय काढला नाही. मला ते अजून नावानं हाक मारतात. रोज सकाळी ते विचारतात, आणि रोज सकाळी मी हो म्हणते.